कॉम्प्युटरचं काम बाहेर द्या, पण सभासदांची यादी आपल्या हातात ठेवा



मंडळी, आज विषय जाळ्याचा नाही, तलावाचाही नाही. विषय कॉम्प्युटरचा आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात आपल्या घरच्यांचा हक्क अडकलेला आहे.

आता आपल्या बहुतेक सोसायट्यांचं काही ना काही काम बाहेरच्या माणसाकडून होतं. सभासदांची यादी कोणी टाइप करून देतो, हिशोबाचं सॉफ्टवेअर कोणी बसवतो, ऑनलाइन अर्ज कोणी भरतो. कोणी मी-सेवा केंद्रवाला असतो, कोणी आदिलाबादचा दुकानदार, कोणी हैदराबादची कंपनी. काम बाहेर देण्यात काहीच वाईट नाही. होडी आपण चालवतो, पण बांधायला मिस्त्रीच लागतो. प्रश्न इतकाच की काम कसं द्यायचं, आणि देताना आपल्या हातात काय ठेवायचं.

यादीत नाव नसलं तर काय होतं

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे. हप्ता सरकार भरतं. अपघाती मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये, कायमचं अर्धवट अपंगत्व आलं तर २ लाख ५० हजार, आणि अपघातामुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. मात्र विमा उतरवलेल्यांच्या यादीत नाव पाहिजे, आणि ते नाव आधारशी जुळलं पाहिजे.

११ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने मत्स्यव्यवसायासाठी राष्ट्रीय डिजिटल पोर्टल सुरू केलं. त्यात मच्छीमार, मत्स्यशेतकरी, विक्रेते, सहकारी सोसायट्या या सगळ्यांनी नोंदणी करायची आहे. कर्ज, विमा, अनुदान यांची वाट आता हळूहळू तिथूनच जाणार आहे. तिथेही आधार, मोबाइल नंबर आणि नाव जुळावं लागतं.

म्हणजे बघा, एखाद्या घरावर वाईट प्रसंग आला तर त्या घरच्या बाईच्या हातात ५ लाख पडणार की कागद घेऊन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार, हे पुष्कळदा टाइप करणाऱ्याने एक अक्षर बरोबर टाकलं की चूक, यावर ठरतं. म्हणून हा विषय फक्त सेक्रेटरीचा नाही, सगळ्यांचा आहे.

बीज मोजून घेतो, तसं काम मोजून घ्या

२०१६-१७ पासून तेलंगणा सरकारच्या योजनेत तलावांत मोफत मत्स्यबीज सोडलं जातं. गाडी येते तेव्हा आपण काय करतो? ठेकेदार म्हणाला इतके लाख, म्हणून आपण मान डोलावत नाही. पिशव्या मोजतो, एखादी पिशवी फोडून आतली बोटुकली मोजतो, आकार बघतो. हंगामी तलावासाठी ३५ ते ४० मिलिमीटरची आणि बारमाही मोठ्या पाण्यासाठी ८० ते १०० मिलिमीटरची बोटुकली ठरलेली आहे. सातनाल्याच्या किंवा मत्तडीवागूच्या पाण्यात बारकी बोटुकली सोडली तर मोठे मासे ती खाऊन टाकतात, आणि वर्ष वाया जातं. हे आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून मोजल्याशिवाय सही करत नाही.

कॉम्प्युटरचं कामही अगदी असंच घ्यायचं. किती नावं दिली, किती आली, त्यातली किती बरोबर आली. सगळी यादी तपासणं जमत नसेल तर मधूनमधून कुठलीही पन्नास नावं काढा आणि आधारकार्डाशी लावून बघा. पन्नासात पाच चुका निघाल्या तर सगळी यादी परत पाठवा. सही आणि पैसे त्यानंतर.

आपल्या भागातली खास अडचण: एक माणूस, तीन नावं

ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाला समजणार नाही आणि हैदराबादच्या कंपनीलाही आपोआप समजणार नाही. आपल्यालाच सांगावी लागेल.

आपण घरी मराठी बोलतो, मंडल ऑफिसात कागद तेलुगूत असतो, आधार आणि बँकेत नाव इंग्रजीत असतं. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस इंग्रजीत 'डी' पासून सुरू करतो, तेलुगू माणूस 'जी' पासून. सविता लिहिताना आपण शेवटी नुसता 'टी' टाकतो, तेलुगू पद्धतीत 'टी' ला 'एच' जोडतात. आपण आडनाव शेवटी लावतो, इथल्या कागदात ते आधी येतं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे नवऱ्याचं नाव, कुठे नुसतं एक अक्षर. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला काय माहीत? त्याच्यासाठी ही तीन वेगळी माणसं.

म्हणून काम देतानाच तीन गोष्टी सांगून ठेवा.

१. इंग्रजी नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर तसंच टाकायचं. स्वतःच्या डोक्याने "दुरुस्ती" करायची नाही.

२. मराठी आणि तेलुगू नावासाठी वेगळे रकाने ठेवायचे. शोधताना नावाने नाही, सभासद क्रमांकाने शोधता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक सभासदाचा एकच क्रमांक, तो कधी बदलायचा नाही आणि मेलेल्या सभासदाचा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

३. मराठी आणि तेलुगू टायपिंग युनिकोडमध्येच पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी त्याच्या कॉम्प्युटरवर छान दिसते, पण आपल्या मोबाइलवर उघडली की नुसत्या रेघोट्या आणि चिन्हं येतात. युनिकोड असेल तर कुठेही वाचता येतं.

काम देण्याआधी एक कागद लिहा

बाहेरचा माणूस येतो, लॅपटॉप उघडतो, रंगीत चित्रं दाखवतो, आणि आपण म्हणतो "वा, छान आहे." मग त्याच्याकडे जे आहे ते आपण घेतो, आपल्याला जे पाहिजे ते राहून जातं. म्हणून त्याला बोलावण्याआधी कार्यकारी मंडळाने बसून एक कागद लिहावा. साध्या भाषेत, साधारण असा:

"आमचे सभासद इतके. आम्हाला सभासदांची यादी, भागभांडवल, वारसाचं नाव, मासे विक्रीचा हिशोब आणि प्रत्येकाला दिलेली रक्कम एवढं पाहिजे. रोज वापरणारा माणूस एक. गावात लाइट जाते, नेट कधी असतं कधी नसतं. वर्षाला ऑडिट होतं, त्यासाठी असे-असे कागद छापून लागतात."

यातलं लाइटचं आणि नेटचं वाक्य विसरू नका. नेटशिवाय उघडतच नाही असं सॉफ्टवेअर मासे काढायच्या दिवशी तलावाच्या काठावर काय कामाचं? काट्यावर मासे आहेत, व्यापारी उभा आहे, बर्फ वितळतोय, आणि मोबाइलवर चक्र फिरतंय! तिथे पावती बुकच चालतं. म्हणून विचारा: नेट नसताना नोंद करता येईल का, आणि नेट आल्यावर ती आपोआप चढेल का?

आणखी एक, वारसाचं नाव. पुष्कळ तयार सॉफ्टवेअरमध्ये हा रकानाच नसतो, कारण ती दुकानदारांसाठी बनवलेली असतात. आपल्याला तो पाहिजेच.

माणूस निवडताना

निदान तिघांकडून लेखी कोटेशन घ्या. सर्वात स्वस्त तोच चांगला असं नाही आणि सर्वात महाग तोही नाही. हे विचारा:

तुम्ही आधी कुठल्या सोसायटीचं काम केलं? नाव सांगा, आम्ही जाऊन बघतो. (आणि खरंच जा. तिथल्या सेक्रेटरीला बाजूला घेऊन विचारा: बिघडलं तर किती दिवसांनी येतो?)

काम तुम्ही स्वतः करणार की पुढे दुसऱ्याला देणार?

तुम्ही आजारी पडलात, गाव सोडलंत, दुकान बंद केलंत तर आमचं काम कोण बघणार?

पहिल्या वर्षानंतर देखभालीचे किती पैसे? त्यात काय येतं आणि काय वेगळं?

सांगितलेल्या किमतीत जीएसटी धरला आहे का? संगणक सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. २० हजार सांगितले आणि बिल २३ हजार ६०० चं आलं की मग भांडण होतं. त्याचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे.

शेजारच्या ओळखीच्या पोराला काम द्यायला हरकत नाही. उलट जवळचा माणूस हाकेला धावून येतो. पण ओळखीचा असला तरी कागद करा. कागदाने नातं तुटत नाही, कागद नसल्यानेच तुटतं.

करारात काय पाहिजे

फार मोठा करार लागत नाही. दोन पानं पुरे. पण या गोष्टी असाव्यात: काय काम, कधीपर्यंत, किती पैसे आणि कुठल्या टप्प्यावर, बिघडल्यावर किती वेळात येणार, शिकवणार कोणाला, आणि करार संपल्यावर काय.

पैसे टप्प्याने द्या. थोडे सुरुवातीला, थोडे काम बसवल्यावर, आणि शेवटचा हिस्सा यादी तपासून, आपल्या माणसाने स्वतः एक महिना चालवून बघितल्यावर. त्या महिन्यात जुनी वही बंद करायची नाही. वहीतली शिल्लक आणि कॉम्प्युटरातली शिल्लक महिनाअखेरीस एक आली की मगच काम पूर्ण झालं म्हणायचं.

आता मालकीचं. हे नीट समजून घ्या, कारण पुष्कळांना वाटतं की पैसे आपण दिले म्हणजे सॉफ्टवेअर आपलं. तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाने बनवलेल्या सॉफ्टवेअरचा पहिला मालक साधारणपणे तोच असतो. हक्क आपल्याकडे यायचा तर लेखी पाहिजे. आणि लेखी करून किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही, तर कायदा तो हक्क ५ वर्षांचाच धरतो.

पण आम्हाला वाटतं, लहान सोसायटीने सॉफ्टवेअरच्या मालकीसाठी फार अडून बसू नये. तयार सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्याने घेतलं तरी चालतं. भाड्याची होडी घेऊन आपण मासे धरत नाही का? होडी त्याची, पण मासे आपले. तसंच इथे. सॉफ्टवेअर त्याचं असू दे, त्यात भरलेली माहिती आपली. म्हणून करारात हे वाक्य पाहिजेच:

"सॉफ्टवेअरमध्ये भरलेली सर्व माहिती सोसायटीच्या मालकीची राहील. सोसायटीने मागितल्यापासून ७ दिवसांत ती पूर्ण माहिती एक्सेल फाइलमध्ये, जादा पैसे न घेता देण्यात येईल. पैशाचा वाद चालू असला तरी माहिती अडवून ठेवता येणार नाही."

शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं. बिलावरून खटका उडाला की लॉगिन बंद, आणि ऑडिट तोंडावर, ही वेळ कोणावरही येऊ शकते.

चाव्या कोणाकडे

दुकान भाड्याने दिलं तरी मूळ चावी मालक ठेवतो. कॉम्प्युटरच्याही चाव्या असतात, फक्त त्या दिसत नाहीत.

ईमेल सोसायटीच्या नावाचा असावा, सेक्रेटरीच्या खासगी नावाचा नाही आणि कंपनीवाल्याचा तर नाहीच. त्या ईमेलला जोडलेला मोबाइल नंबर सोसायटीच्या सिमचा असावा. ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येतो, खरा मालक तोच. सेक्रेटरी आज आम्ही आहोत, उद्या दुसरे असतील, सिम मात्र सोसायटीकडे राहिलं पाहिजे आणि त्याचा रिचार्ज चुकवायचा नाही. नंबर बंद पडला तर काही महिन्यांनी तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळू शकतो, आणि मग ओटीपी त्याच्याकडे.

वेबसाइट काढली असेल तर तिचं नाव सोसायटीच्या नावाने नोंदवा, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सर्वात वरचा ॲडमिन पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, वर अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघांच्या सह्या करून कपाटात ठेवा. पासवर्ड बदलला की पाकीट बदला. बाहेरच्या माणसाला त्याचा वेगळा लॉगिन द्या, आपला देऊ नका. काम संपलं की तो बंद करा.

बँकेचा पासवर्ड, ओटीपी, एटीएमचा पिन बाहेरच्या माणसाला कधीच द्यायचा नाही, कितीही भला असला तरी. "जरा स्क्रीन शेअर करणारं ॲप घाला, मी इथूनच दुरुस्त करतो" असं कोणी फोनवर म्हणालं तर आधी फोन ठेवा, मग आपल्याकडच्या नंबरवर स्वतः फोन लावून विचारा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

सभासदांचे कागद म्हणजे सभासदांचा विश्वास

सभासद आपल्याकडे आधार, बँक पासबुक, फोटो देतो तो सोसायटीवर भरवसा ठेवून. ते कागद पुढे टायपिंगवाल्याकडे जातात. त्याच्या मोबाइलमध्ये शेकडो आधारचे फोटो पडून राहतात. मोबाइल हरवला, विकला, दुरुस्तीला दिला, तर?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होतो आहे. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की, माहिती ज्याने गोळा केली जबाबदारी त्याची. काम बाहेर दिलं म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. "आम्ही नाही, त्या कंपनीने केलं" हे उत्तर चालणार नाही.

म्हणून व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो पाठवणं टाळा. शक्यतो टायपिंगवाल्याला ऑफिसात बोलावून आपल्या कॉम्प्युटरवर काम करून घ्या. जिथे पूर्ण आधार नंबर लागत नाही तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार द्या. ते आधारच्या वेबसाइटवरून काढता येतं. आणि काम झाल्यावर त्याच्याकडच्या फाइली पुसल्याचं लेखी घ्या.

मोठ्यांचंही बंद पडतं

कोणाला वाटेल, चांगली मोठी कंपनी धरली की काळजी नाही. तर दोन गोष्टी ऐका.

३१ जुलै २०२४ ला देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका, म्हणजे आपल्यासारख्यांची खाती असलेल्या. हल्ला त्या बँकांवर झाला नव्हता. त्यांना कॉम्प्युटर सेवा पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाल्याचं समोर आलं. ही कंपनी साधीसुधी नाही, टीसीएस आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतली आहे. पुढे धोका पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं आणि तपासणी करून १ ऑगस्टला पुन्हा जोडलं. बँका ३००, पण दोरी एकच. ती सुटली की सगळ्या होड्या एकदम सुटल्या.

दुसरी गोष्ट दिल्लीच्या एम्स दवाखान्याची. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथले सर्व्हर असेच बंद पडले. पेशंटची नोंदणी, तपासणीचे रिपोर्ट, सगळं जवळपास दोन आठवडे कागदावर, हाताने चालवावं लागलं. पण दवाखाना बंद पडला नाही, कारण कागदावर काम करता येणारी माणसं होती. आणि माहिती परत मिळाली, कारण तिची एक प्रत वेगळ्या सर्व्हरवर शाबूत होती.

आपल्यासाठी यात दोन धडे आहेत. एक, सभासद रजिस्टर आणि पावती बुक कागदावर चालूच ठेवायचं. दोन, माहितीची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवायची. आम्ही सांगतो ती पद्धत सोपी आहे: दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळी माहिती एक्सेलमध्ये काढायची, दोन पेन ड्राइव्हवर घ्यायची. एक ऑफिसच्या कपाटात, एक अध्यक्षांच्या घरी. कॉम्प्युटरला लावून ठेवायचे नाहीत, कारण व्हायरस आला तर लावलेला पेन ड्राइव्हही जातो. तीन महिन्यांतून एकदा ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. न उघडणारी प्रत म्हणजे फाटकं जाळं. घडी घालून ठेवलेलं असतं तोवर छान दिसतं. आणि वर्षातून एकदा, वार्षिक सभेआधी, पूर्ण यादी छापून, सह्या करून फाइलला लावायची.

त्याचीही बाजू आहे

आतापर्यंत आपण आपल्या बाजूने बोललो. पण बाहेरच्या माणसाला काय त्रास होतो तेही ऐकून घेतलं पाहिजे.

एक संचालक म्हणतो हिशोब असा पाहिजे, दुसरा म्हणतो तसा. अर्ध्या सभासदांचे कागदच येत नाहीत आणि उशीर झाला की दोष त्याला. काम होत आल्यावर "अजून एवढं जोडून द्या ना, त्यात काय मोठं" असं दहा वेळा. आणि काम झाल्यावर पैशासाठी चकरा. असं झालं तर चांगला माणूस दुसऱ्या वेळी येत नाही.

म्हणून आपल्याकडून एकच माणूस त्याच्याशी बोलेल असं ठरवा. त्याच्याशिवाय कोणी फोन करून बदल सांगायचा नाही. बदल सांगायचा तो लिहून, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का ते आधी विचारून. कागद आपण वेळेत द्यायचे. ठरलेलं काम तपासून बरोबर निघालं तर पैसे त्याच आठवड्यात द्यायचे.

तक्रार करताना "चालत नाही हो" एवढंच सांगू नका. काय करत होतो, कुठलं बटन दाबलं, काय लिहून आलं, हे सांगा आणि स्क्रीनचा फोटो पाठवा. दवाखान्यात आपण "बरं नाही" म्हणून थांबतो का? कुठे दुखतं ते सांगतोच ना. एक वही करा: तक्रारीची तारीख, काय बिघडलं, तो कधी आला, काय केलं. वर्षाच्या शेवटी देखभालीचे पैसे द्यायचे की वाढवायचे की माणूस बदलायचा, हे ती वहीच सांगते.

आणि शिकवणी दोघांना द्यायला लावा. एकालाच येत असेल तर तो लग्नाला गेला की ऑफिस बंद. सभासदांच्या घरी दहावी-बारावी झालेल्या मुली आहेत, त्यांना बसवा. पुढे त्यातल्याच एखादीला हे काम देता येईल.

माणूस बदलायची वेळ आली तर

तेलंगणाच्या जमिनीच्या नोंदीचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. २९ ऑक्टोबर २०२० ला धरणी पोर्टल सुरू झालं. त्याची देखभाल खासगी कंपनीकडे होती. २०२४ च्या शेवटी ती तिच्याकडून काढून केंद्राच्या एनआयसीकडे दिली. पुढे १४ एप्रिल २०२५ पासून भूभारती आलं. चालवणारा बदलला, नावसुद्धा बदललं. पट्टा पासबुक ज्यांच्या घरात होतं त्यांच्याकडे दाखवायला काहीतरी होतं.

सेवा देणारा कधीतरी बदलतोच. म्हणून बदल शांतपणे करता आला पाहिजे. नवा माणूस येण्याआधी जुन्याकडून पूर्ण माहिती घ्या, उघडून बघा, नावांची संख्या मोजा. निदान एक महिना दोन्ही चालू ठेवा. मग जुन्याचे सगळे लॉगिन बंद करा, पासवर्ड बदला, आणि त्याचे राहिलेले पैसे चुकते करून पावती घ्या. भांडून वेगळं होऊ नका, पुढे एखादी जुनी नोंद विचारायला त्याच्याकडेच जावं लागतं.

घरच्या धंद्यासाठी दोन शब्द

मासे विकणाऱ्या बहिणींनो, क्यूआर कोड लावायला येणारा माणूसही बाहेरचाच सेवा देणारा. खातं तुमच्या नावाचं जोडलं का, ते एक रुपया टाकून लगेच बघा. मशिनचं भाडं दरमहा किती कापणार, ते आधीच विचारा. मोबाइल त्याच्या हातात देऊन दुसरीकडे गिऱ्हाइकाशी बोलू नका.

आणि सगळ्यांनाच सांगणं: मी-सेवा किंवा दुकानात अर्ज भरला की पावती आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. मोबाइल नंबर स्वतःचा टाका, दुकानदाराचा टाकू देऊ नका. नाही तर मंजुरीचा मेसेज त्याला जातो आणि आपण वाट बघत बसतो.

आता तुमचं काम

पुढच्या वेळी ऑफिसात याल तेव्हा पाच मिनिटं जास्त काढा. आधारकार्ड आणि पासबुक घेऊन या. छापील यादीत आपलं नाव, मोबाइल नंबर आणि वारसाचं नाव स्वतः बघा. वाचता येत नसेल तर मुलाला, नातीला घेऊन या. चूक दिसली तर तिथेच सांगा, लाल पेनाने खूण करून आम्ही ती दुरुस्तीला पाठवू, आणि दुरुस्त झाल्यावर तुम्हाला पुन्हा दाखवू.

सॉफ्टवेअर कोणाचंही असो, कंपनी कुठलीही असो, तुमचं नाव बरोबर आहे की नाही हे तुमच्यापेक्षा चांगलं कोणाला सांगता येणार?

ही पोस्ट दुसऱ्या गावच्या सोसायट्यांनाही पाठवा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा किंवा ऑफिसात या, चहा आहेच.

जय सहकार!

— सेक्रेटरी, कार्यकारी मंडळाच्या वतीने